थोरल्यानं पडतं घेतलं : इंडोनेशियाच्या 'पंचसिला'ची गोष्ट

'पंचशील' हा शब्द महाराष्ट्रात कुणाला परका नाही. वस्तीतल्या विहारात 'पाणातिपाता वेरमणी' सुरू झालं की पायरीवर खेळणारी पोरंही पुढचं म्हणू लागतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि समोरच्या लाखोंना दिली, तेव्हापासून ही पाच शिलं इथल्या घराघरांत आहेत. दुसरं पंचशील शाळेच्या पुस्तकातलं, १९५४ च्या भारत-चीन करारातल्या पाच तत्त्वांचं. तिसऱ्या पंचशिलाबद्दल मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ते इंडोनेशियाचं. तिथे त्याला 'पंचसिला' म्हणतात. शाळकरी मुलं सोमवारी झेंड्यापुढे उभी राहून ते म्हणतात, आणि देशाच्या घटनेच्या प्रास्ताविकेत त्याची पाचही कलमं आहेत.

ते समजून घ्यायला मी एक साधा प्रश्न समोर ठेवतो. गुलामीतून सुटलेल्या देशाला झेंडा, सैन्य आणि नोटा लागतातच. पण त्याच सकाळी त्याला आणखी दोन गोष्टींची उत्तरं द्यावी लागतात. आपण एकत्र का राहायचं? आणि एकत्र राहायचं तर एकमेकांशी कसं वागायचं? पहिल्या उत्तराला राष्ट्रीय ओळख म्हणतात, दुसऱ्याला सामाजिक तत्त्वज्ञान. जुन्या देशांत ही उत्तरं शतकानुशतकं मुरत आलेली असतात. नव्या देशाला ती एका बैठकीत शोधावी लागतात, तीही शत्रू दारात असताना.

इंडोनेशियात हा प्रश्न फारच अवघड होता. सतरा हजारांहून जास्त बेटं, पश्चिमेच्या साबांगपासून पूर्वेच्या मेराउकेपर्यंत पाच हजार किलोमीटरांचा पसारा, सातशेहून अधिक भाषा. सुमात्राच्या टोकाचे आचेनीज आणि मलुकू बेटांवरचे आंबोनीज कधीच एका राजाचे प्रजाजन नव्हते. त्यांना जोडणारी एकच गोष्ट होती, दोघांवरही डचांचं राज्य होतं. 'इंडोनेशिया' हे नावसुद्धा एकोणिसाव्या शतकात युरोपीय अभ्यासकांनी ग्रीक शब्दांवरून घडवलं. म्हणजे मालक निघून गेल्यावर वाड्यातल्या सगळ्या भाडेकरूंनी एकत्र बसून ठरवायचं की आता आपण एक कुटुंब आहोत का, असा हा प्रसंग.

आधी भाषेचं

खरी सुरुवात १९४५ च्या बरीच आधी झाली. २८ ऑक्टोबर १९२८ ला बताव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, वेगवेगळ्या बेटांवरच्या तरुण संघटनांनी एक शपथ घेतली. आमची मायभूमी एक, आमचं राष्ट्र एक, आणि ऐक्याची भाषा म्हणून आम्ही इंडोनेशियन भाषा शिरोधार्य मानतो. शिरोधार्य हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला. मूळ शपथेत 'मनजुंजुंग' असं क्रियापद आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ डोक्यावर धारण करणं असाच आहे. पहिल्या दोन वाक्यांत 'एकच' आहे. तिसऱ्यात नाही. आमची भाषा एकच, असं ती मुलं म्हणाली नाहीत. घरच्या भाषा घरी राहतील, ही एक सगळ्यांसाठी, एवढंच ती म्हणाली. त्याच सभेत एका तरुणानं व्हायोलिनवर 'इंडोनेशिया राया'ची चाल वाजवली, जी पुढे राष्ट्रगीत झाली. सरकारच्या धाकानं त्या दिवशी शब्द गायले गेले नाहीत.

आता ही 'इंडोनेशियन भाषा' म्हणजे काय? ती मलय. आणि गंमतीची नव्हे, मोठ्या अर्थाची गोष्ट ही की मलय मातृभाषा असलेले लोक त्या काळी अगदी थोडे होते. जावानीज बोलणारे जवळजवळ निम्मे. चळवळीतले पुढारीही बरेच जावातले. कुठल्याही हिशेबानं राष्ट्रभाषा जावानीजच व्हायला हवी होती.

ती का झाली नाही हे एका क्रियापदावरून कळतं. जावानीजमध्ये 'जेवणं' या एका क्रियेला बरोबरीच्या माणसासाठी 'मांगान', आदबीनं बोलायचं तर 'नेडा', आणि थोर व्यक्तीच्या जेवण्याला 'डाहार' म्हणतात. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण आहेच, पण 'जेव' हा धातू तोच राहतो, शेपूट तेवढी बदलते. तिथे अख्खा शब्द बदलतो, आणि असे शेकडो शब्द आहेत. या आदबशीर पातळीला ते 'क्रमा' म्हणतात, म्हणजे आपला 'क्रम'च. समोरचा आपल्यापेक्षा वर की खाली, हे ठरवल्याशिवाय जावानीजमध्ये तोंड उघडता येत नाही. सगळे समान आहेत असं सांगणारी चळवळ अशा भाषेत चालवायची कशी?

मलय ही बंदरांची, बाजाराची भाषा. व्यापारी, खलाशी, वर्तमानपत्रं, कचेरीतले कारकून, सगळे तिच्यात व्यवहार करत. ती कुणाचीच खास नव्हती, म्हणून सगळ्यांची होऊ शकली. जावाच्या तरुणांनी हे केवळ औदार्यानं केलं असं म्हणणं खरं होणार नाही. त्यांना त्यात सोय दिसली आणि स्वतःच्या भाषेतल्या उच्चनीचतेतून सुटकाही. पण कारण काहीही असो, घरातल्या सगळ्यात थोरल्यानं पडतं घेतलं, आणि त्यामुळे धाकट्यांना घर आपलं वाटलं. भाषेवरून आपल्या शेजारी श्रीलंकेत १९५६ नंतर काय झालं, पूर्व पाकिस्तानात १९५२ ला काय झालं, ते आठवलं की या पडतं घेण्याची किंमत लक्षात येते.

मारहाएन नावाचा शेतकरी

आता वागण्याचं तत्त्वज्ञान. ते मांडणारा मुख्य माणूस सुकर्णो. वडील जावानीज, आई बालीची, शिक्षण इंजिनिअरिंगचं बांडुंगला. कार्ल मार्क्स वाचलेला, चीनचा क्रांतिकारक सुन यत्-सेन वाचलेला. पण त्याच्या विचाराला वळण दिलं ते एका शेतकऱ्यानं, असं तो पुढे स्वतः सांगत असे.

बांडुंगच्या दक्षिणेला तो सायकलवर फिरत होता. एका खाचरात एक माणूस एकटाच काम करत होता. सुकर्णोनं विचारलं, जमीन कुणाची? माझी. कुदळ? माझी. पीक? माझंच. मग भागतं का? एवढ्याशा तुकड्यात बायकोपोरांचं कसं भागणार? दुसऱ्याकडे मजुरीला जातोस? नाही. घर? लहान खोपटं आहे, पण माझं. नाव? मारहाएन.

सुकर्णो तिथेच विचारात पडला. मार्क्सच्या पुस्तकातला कामगार आपले श्रम विकतो, त्याच्याकडे साधनं नसतात. या माणसाकडे सगळी साधनं आहेत, तो कुणाचा नोकर नाही, आणि तरी दरिद्री आहे. त्याला काय म्हणायचं? सुकर्णोनं त्याला त्याच्याच नावानं ओळखायचं ठरवलं. छोट्या मालकीत पिचलेल्या सगळ्या इंडोनेशियनांचं नाव मारहाएन. आपल्या दीड-दोन एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. सातबारा स्वतःच्या नावाचा, आणि तरी पोराच्या फीला हात पसरायचे. तो मालक आहे का गरीब, हा प्रश्न पुस्तकी वाटतो, पण धोरणं त्यावरच ठरतात. युरोपातून आलेला विचार जशाच्या तसा आपल्या मातीला लागू होत नाही, हे सुकर्णोला त्या बांधावर कळलं. मला हा प्रसंग पुढच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोलाचा वाटतो.

१९३४ ते १९३८ डचांनी त्याला फ्लोरेस बेटावरच्या एंदे गावी हद्दपार करून ठेवलं. बेट कॅथलिक ख्रिश्चनांचं. तिथे नीरफणसाच्या झाडाखाली बसून तो समुद्राकडे बघत विचार करायचा. ती जागा आजही जपलेली आहे. वेगळ्या धर्माच्या माणसांमध्ये चार वर्षं काढलेल्या माणसाच्या हातून पंचसिला आलं, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

१ जून १९४५

१९४२ मध्ये जपाननं डचांना हुसकून बेटं ताब्यात घेतली होती. हरत चाललेल्या जपाननं १९४५ मध्ये स्वातंत्र्याच्या तयारीसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष राजीमान वेद्योदिनिनग्रात या वृद्ध डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आपण जे राज्य स्थापणार त्याचा पाया काय? समितीत जावानीज होते, सुमात्राचे होते, चिनी आणि अरब वंशाचेही होते. काहींना इस्लामी राज्य हवं होतं, काहींना नको होतं. तीन दिवस भाषणं झाली. चौथ्या दिवशी, १ जूनला, सुकर्णो उठला. हातात लिहिलेला कागद नव्हता.

त्यानं पाच तत्त्वं मांडली : राष्ट्रीयत्व, माणुसकी म्हणजेच सगळ्या जगाशी बंधुत्व, सल्लामसलतीनं चालणारी लोकशाही, सर्वांचं सामाजिक कल्याण, आणि ईश्वरावरची श्रद्धा. ईश्वराबद्दल त्यानं सांगितलं की प्रत्येकानं आपापल्या ईश्वराला आपापल्या रीतीनं भजावं, पण धर्माचा अहंकार नको. या पाचांना नाव काय द्यायचं? भाषेच्या जाणकार मित्राच्या सूचनेवरून त्यानं 'पंचसिला' हे नाव सुचवलं. शब्द जावाला नवा नव्हता. चौदाव्या शतकातल्या मजपाहित राज्याच्या काव्यांत तो बौद्धांच्या पाच शिलांसाठी येतो. म्हणजे विहारातलं पंचशील आणि जकार्ताचं पंचसिला यांचं नातं नावापुरतं नाही, एकाच खोडाच्या त्या दोन फांद्या आहेत. फक्त आपल्याकडे शील म्हणजे माणसानं स्वतःवर घातलेलं बंधन, तिथे सुकर्णोनं त्याचा अर्थ केला पाया, आधार.

मग तो म्हणाला, पाच नको असतील तर तीन करू. तीनही नको असतील तर एकच करतो, आणि तो शब्द अस्सल आपला आहे : 'गोतोंग रोयोंग'.

गोतोंग रोयोंग म्हणजे गावानं एकमेकांच्या कामाला हात लावणं. आज तुझी लावणी, उद्या माझी. कुणाचं घर शाकारायचं, कुणाच्या घरी कार्य. आपल्याकडे याला सावड म्हणतात. किंवा इर्जिक : एकाच्या शेतावर सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, दिवसात काम उरकायचं, आणि धन्यानं संध्याकाळी सगळ्यांना जेवू घालायचं. सुकर्णोनं भाषणात जड ओझं ओढणाऱ्या जावाच्या मजुरांची आरोळी दिली, 'होलोपिस कुंतुल बारिस!' कुंतुल म्हणजे बगळा. बगळे रांगेनं एका लयीत उडतात तसा सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. तत्त्वज्ञानाच्या भाषणात जर्मन आणि डच शब्द वापरणारा हा माणूस शेवटी येऊन थांबला तो हमालांच्या आरोळीवर.

सात शब्द

पण भाषणानं भांडण मिटत नाही. नऊ जणांची एक समिती बसली आणि २२ जूनला तिनं घटनेच्या प्रास्ताविकेचा मसुदा केला. त्यात ईश्वरावरची श्रद्धा पाचव्या जागेवरून पहिल्या जागी आली, आणि तिच्यामागे सात शब्द जोडले गेले. अर्थ असा : 'इस्लामच्या अनुयायांनी शरियत पाळण्याच्या बंधनासह.' नऊ जणांत एक ख्रिश्चन होता, त्याचीही सही त्यावर होती.

जपाननं शरणागती पत्करली. १७ ऑगस्टला सुकर्णो आणि त्याचे सहकारी मोहम्मद हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच संध्याकाळी जपानी आरमाराचा एक अधिकारी हत्तांकडे निरोप घेऊन आला : पूर्वेकडच्या बेटांवरच्या ख्रिश्चनांना ते सात शब्द मान्य नाहीत, ते राहिले तर ते या देशात येणार नाहीत. देश एका दिवसाचाही झाला नव्हता आणि तुटायला आला होता.

हत्ता स्वतः पश्चिम सुमात्रातल्या धार्मिक घराण्यातले, नमाजी मुसलमान. दुसऱ्या दिवशी सकाळी, १८ ऑगस्टला, सभा भरण्याआधी त्यांनी इस्लामी पुढाऱ्यांना बाजूला घेतलं. सगळ्यात कठीण होतं ते मुहम्मदिया या मुस्लिम संघटनेचे अध्यक्ष बागुस हादीकुसुमो यांना राजी करणं. थोड्या वेळात ठरलं. सात शब्द गळाले, आणि त्यांच्या जागी आलं 'कतुहानान यांग महा एसा'. ढोबळ मराठीत, 'जो परम एक आहे त्या ईश्वरावरची श्रद्धा'. यात अल्लाह हा शब्द नाही, 'तुहान' हा मलय शब्द आहे, जो कुणालाही वापरता येतो. पण 'एसा', म्हणजे एक, हा शब्द तौहीद, म्हणजे ईश्वराचं एकत्व, मानणाऱ्या मुसलमानाला समाधान देतो. दहा माणसांपैकी नऊ मुसलमान असलेल्या देशात बहुसंख्यांनी आपला आग्रह मागे घेतला. पुन्हा थोरल्यानं पडतं घेतलं.

यात दुसरी बाजूही आहे. अनेक मुसलमानांना ही फसवणूक वाटली. आधी सह्या करून ठरलेली गोष्ट एका सकाळी चारचौघांनी बदलली, लोकांना विचारलं नाही. त्यांना सांगितलं गेलं होतं की ही घटना तात्पुरती आहे, पुढे निवडून आलेली सभा कायमचं ठरवेल. पश्चिम जावात इस्लामी राज्यासाठी दारुल इस्लामचं बंड १९४९ ते १९६२ चाललं. निवडून आलेली घटना सभा बांडुंगला खरंच बसली, काही वर्षं तिनं पंचसिला की इस्लाम यावर वाद घातला, पण दोन तृतीयांश मतं कुणालाच मिळाली नाहीत. ५ जुलै १९५९ ला सुकर्णोनं हुकूम काढून ती बरखास्त केली आणि १९४५ ची घटना परत आणली. वादात दम होता. तो संपू द्यायला हवा होता, असं माझं मत आहे.

पंचसिला शेवटी जे ठरलं ते असं : ईश्वर, न्याय्य आणि सुसंस्कृत माणुसकी, इंडोनेशियाची एकता, लोकांचं राज्य, सगळ्या जनतेला सामाजिक न्याय. चौथं कलम मी एकदा मूळ भाषेत वाचलं आणि थबकलो. 'कराक्यातान यांग दिपिंपिन ओलेह हिकमत कबिजाक्सानाआन दालाम पर्मुश्यावरातान, पर्वाकिलान.' उच्चार परका, पण मागचेपुढचे प्रत्यय काढून बघा. 'राक्यात' म्हणजे आपली रयत. 'हिकमत' तर तसाच आहे, फक्त आपल्याकडे तो युक्तीकडे झुकला आणि तिकडे शहाणपण या मूळ अर्थावर राहिला. 'बिजाक्साना' म्हणजे विचक्षण. 'मुश्यावरात' म्हणजे हिंदी-उर्दूतला मशवरा. 'वाकिल' म्हणजे वकील, पेशव्यांचा दिल्लीदरबारी असायचा तसा, दुसऱ्याच्या वतीनं बोलणारा. म्हणजे विचारविनिमयातून आणि वकिलांमार्फत, हिकमतीनं आणि विचक्षणपणानं चालणारं रयतेचं राज्य. दुसऱ्या कलमातला 'आदिल' आदिलशाहीतला, 'बराडाब' मध्ये आपली अदब. अरबी आणि संस्कृत दोन्ही समुद्रमार्गे तिकडे पोचल्या आणि एका वाक्यात शेजारी शेजारी बसल्या. शब्दांचा हा संसार बघितला की पंचसिला कुण्या एकाच्या डोक्यातून निघालेलं नाही हे पटतं.

राजचिन्हावरचं ब्रीदही असंच. गरुडाच्या पायात पट्टी आहे, 'भिन्नेका तुंगल इका' : भिन्न, तरी ते एकच. चौदाव्या शतकातल्या म्पू तांतुलारच्या जुन्या जावानीज काव्यातली ही ओळ. शिव आणि बुद्ध वेगळे दिसतात पण तत्त्व एकच, असं तिथे सांगायचं आहे. मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशानं १९५० मध्ये विष्णूचं वाहन आणि बौद्ध कवीची ओळ आपलं चिन्ह म्हणून घेतली. गरुडाच्या प्रत्येक पंखाला १७ पिसं, शेपटीला ८, मानेला ४५. तारीख लक्षात आली असेल.

पंचसिलाचा दंडुका

इथवरची गोष्ट ऐकायला चांगली वाटते. पुढची ऐकवत नाही, पण ती सांगितल्याशिवाय हा विषय समजणार नाही.

३० सप्टेंबर १९६५ च्या रात्रीनंतर जकार्तात सहा सेनापतींची हत्या झाली. लष्करानं ठपका कम्युनिस्ट पक्षावर ठेवला आणि पुढच्या काही महिन्यांत जावा, बाली, सुमात्रा इथे माणसं मारली गेली. किमान पाच लाख, कदाचित त्याहून बरीच जास्त. लाखोंना चौकशीविना डांबलं. यातले बहुतेक साधे शेतकरी, शेतमजूर, शिक्षक होते. मारहाएनचीच माणसं. आणि हे सगळं पंचसिला वाचवण्याच्या नावानं झालं. १ ऑक्टोबर हा दिवस 'पंचसिलाच्या शक्तीचा दिवस' म्हणून पाळला जाऊ लागला. कम्युनिस्ट नास्तिक, नास्तिक म्हणजे पहिल्या कलमाचा शत्रू, शत्रू म्हणजे मारण्याजोगा, अशी साखळी लावली गेली. दुसरं कलम माणुसकीचं आहे, ते कुणी वाचलं नाही.

सुकर्णोनंतर सत्तेवर आलेल्या लष्करी अधिकारी सुहार्तोंच्या बत्तीस वर्षांच्या राजवटीत पंचसिला हा सरकारी अभ्यासक्रम झाला. १९७८ पासून नोकरदार, विद्यार्थी, सगळ्यांना त्याचे वर्ग सक्तीचे. पाच कलमांची फोड करून ३६ मुद्दे पाठ करायला दिले. १९८५ च्या कायद्यानं प्रत्येक संघटनेला, मग ती मशिदीशी जोडलेली असो वा चर्चशी, पंचसिला हाच आपला एकमेव पाया असल्याचं लिहून द्यावं लागलं. संप केला तर तो पंचसिलाविरोधी. सरकारवर टीका केली तर तीही. गोतोंग रोयोंगचं काय झालं? रस्ता किंवा कालवा बांधायचा असला की गावाला हुकूम सुटायचा, या, परंपरेनं हातभार लावा. सावडीची वेठ झाली. इर्जिकेत संध्याकाळचं जेवण असतं आणि उद्या तुझ्या बांधावर मी येणार ही खात्री असते. ती खात्री गेली की उरतं ते फुकटचं राबणं.

पूर्व तिमोर ही पोर्तुगिजांची वसाहत. १९२८ च्या शपथेत ती नव्हती, १९४५ च्या बैठकीतही नव्हती. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियानं सैन्य घालून ती घेतली. १९९९ मध्ये लोकांना विचारलं तेव्हा शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांनी 'नको' सांगितलं. पापुआत १९६९ मध्ये जनमत म्हणून जे झालं, त्यात हजारभर निवडलेल्या माणसांनी लष्कराच्या नजरेखाली होकार दिला. तिथली जखम आजही भरलेली नाही. ज्यांच्यासाठी कुणी पडतं घेतलं नाही, त्यांना ते घर आपलं वाटलं नाही. मला पंचसिलाच्या इतिहासातून जे दिसतं ते हेच. पाच कलमं तीच होती. १९४५ मध्ये त्यांचा अर्थ टेबलाभोवती बसून लावला जात होता, १९६५ नंतर तो एकाच खुर्चीतून सांगितला जाऊ लागला.

मे १९९८ मध्ये सुहार्तो गेले. सक्तीचे वर्ग बंद झाले. लोक पंचसिलाला इतके विटले होते की ते सगळंच फेकून देतील असं वाटलं असतं. झालं वेगळंच. २००२ मध्ये घटना बदलण्याचा अधिकार असलेल्या लोकप्रतिनिधींच्या सभेत घटनादुरुस्ती चालली असताना काही पक्षांनी ते सात शब्द परत आणायची मागणी केली. या वेळी बंदूक नव्हती, जपानी अधिकारी नव्हता, घाई नव्हती. मागणी फेटाळली गेली, आणि तिच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांत नहदलातुल उलामा आणि मुहम्मदिया या देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटना होत्या. ज्या मुहम्मदियाच्या अध्यक्षांना १९४५ मध्ये मनवावं लागलं होतं, तीच. सत्तावन्न वर्षांपूर्वी दाराआड ठरलेली गोष्ट आता उघड सभागृहात ठरली.

कार्डावरचा एक रकाना

तरी पहिल्या कलमाचा एक गुंता उरलाच. 'एकच ईश्वर' म्हटल्यावर धर्म कोणाला म्हणायचं हे सरकार ठरवू लागलं. बालीच्या हिंदूंना आपला धर्म मान्य करून घेण्यासाठी सांगावं लागलं की आमच्या सगळ्या देवांमागे एकच 'सांग ह्यांग विधी वासा' आहे. बौद्धांनी 'आदि बुद्ध' पुढे केला. बाकी बौद्ध जगाला हे नवलाचं वाटतं, पण ती जगण्याची सोय होती. कन्फ्यूशियसच्या अनुयायांची मान्यता सुहार्तोंच्या काळात गेली आणि २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी ती परत दिली. वाहिद मौलवींच्या घराण्यातले. त्यांचे वडील वाहिद हाशिम १९४५ च्या त्या नऊ जणांपैकी एक.

पण सुंबा बेटावरचे मारापू मानणारे, सुमात्राचे पारमालिम, पश्चिम जावाचे सुंदा विवितान, ज्यांचे पूर्वज-देव इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून तिथे आहेत, त्यांचं काय? ओळखपत्रावर 'आगामा' असा रकाना असतो. आगामा म्हणजे धर्म, आपल्या 'आगम' वरून. मान्य धर्म सहा. १९६५ नंतर हा रकाना रिकामा असणं म्हणजे कम्युनिस्ट असल्याचा संशय ओढवून घेणं, म्हणून कित्येकांनी मिळेल तो धर्म लिहून टाकला. ज्यांनी लिहिला नाही त्यांच्या कार्डावर एक आडवी रेघ. त्या रेघेपायी नोकरी अडायची, लग्नाची नोंद अडायची, मग मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव यायचं नाही, माणूस मेला तर दफनभूमीत जागा मिळायची नाही.

अशाच काही जणांनी घटना न्यायालयात अर्ज केला. ७ नोव्हेंबर २०१७ ला निकाल लागला : त्यांच्या श्रद्धेचीही नोंद कार्डावर झाली पाहिजे. त्यांना नवं कार्ड मिळू लागलं. त्यात 'आगामा' नाही, 'कपर्चायाआन' म्हणजे श्रद्धा असा रकाना आहे. आणि त्यापुढे, जिथे इतकी वर्षं आडवी रेघ होती तिथे, १८ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हत्तांनी घातलेले तेच शब्द छापलेले असतात : तुहान यांग महा एसा.